नागपुरात घर-प्लॉटचे व्हॅल्युअर व्हायचं असेल तर सुरुवात कुठून करायची

मागच्या महिन्यात चुलतभावाचा फोन आला. सिव्हिल इंजिनिअर आहे, सहा वर्षांपासून एका बिल्डरकडे साइट सांभाळते. म्हणे दादा, ते व्हॅल्युएशनचं लायसन्स कसं काढतात, मला एक जण सांगते दहा वर्षं लागतात आणि दुसरा सांगते परीक्षा पास केली की झालं. मी त्याला म्हटलं दोघंही बरोबर आहेत, फक्त दोघं वेगवेगळ्या लायसन्सबद्दल बोलून राहिले. असे फोन मला नेहमीच येतात, सिव्हिलवाल्या पोरांचे, आर्किटेक्चर झालेल्या पोरींचे, एकदा तर रिटायर झालेल्या काकांचा आला होता, म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट क्रमानं लिहूनच टाकू.

आधी हे समजून घ्या की लायसन्स एक नाही

घराची, प्लॉटची किंमत काढून त्यावर सही करणाऱ्या माणसाला, म्हणजे व्हॅल्युअरला, आपल्याकडे दोन प्रकारचं रजिस्ट्रेशन मिळू शकते.

पहिलं म्हणजे कंपनी कायदा २०१३ च्या कलम २४७ खालचं. त्याचे नियम ऑक्टोबर २०१७ मध्ये आले आणि हे रजिस्ट्रेशन दिल्लीचं भारतीय दिवाळखोरी मंडळ म्हणजे आयबीबीआय देते. दिवाळखोरीवालं मंडळ घराच्या किमतीत कुठून आलं असं बरेच जण विचारतात, तर केंद्र सरकारनं व्हॅल्युअरची नोंदणी करायचे अधिकार त्यांच्याकडे दिले, एवढंच. यात मालमत्तेचे तीन वर्ग आहेत: जमीन व इमारत, यंत्रसामग्री, आणि शेअर वगैरे आर्थिक मालमत्ता. आपल्याला पहिला वर्ग पायजे.

दुसरं जुनं आहे, वेल्थ टॅक्स कायदा १९५७ च्या कलम ३४ एबी खालचं, ते इन्कम टॅक्स खातं देते. वेल्थ टॅक्स स्वतः २०१५ च्या बजेटमध्ये बंद झाला पण हे रजिस्ट्रेशन काही मेलं नाही, आणि ते का मेलं नाही हे शेवटी सांगतो कारण त्यात तुमच्या कामाचा एक मोठा मुद्दा आहे.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे बँकेचं पॅनल, म्हणजे बँकेनं ठरवलेल्या व्हॅल्युअरची यादी. ते लायसन्स नाही पण पोट त्याच्यावरच चालते. होम लोनची बहुतेक कामं पॅनलवरच्याच माणसाला जातात, आणि बऱ्याच सरकारी बँका आता अर्जातच आयबीबीआयचा नंबर मागतात. म्हणून नवीन माणसानं क्रम असाच लावावा: आधी आयबीबीआय, मग पॅनल, आणि ३४ एबीची तयारी पहिल्या दिवसापासून मागं चालू ठेवायची.

पायरी १: डिग्री आणि वर्षं मोजा

जमीन व इमारत या वर्गासाठी सिव्हिल इंजिनिअरिंग, आर्किटेक्चर किंवा टाउन प्लॅनिंग यातली पदवी आणि पदवीनंतरचा ५ वर्षांचा अनुभव लागते. यातच पुढं पोस्ट ग्रॅज्युएशन केलं असेल आणि जमीन-इमारत किंवा रिअल इस्टेट व्हॅल्युएशनचा दोन वर्षांचा फुल टाइम पीजी कोर्सही केला असेल तर ३ वर्षांत भागते.

इथं दोन गैरसमज मी सारखे ऐकतो. एक म्हणजे ५ वर्षं व्हॅल्युएशनचंच काम केलेलं पायजे. तसं नाही, अनुभव तुमच्या शाखेतला पायजे, म्हणजे साइट इंजिनिअर, स्ट्रक्चरल डिझाइन, इस्टिमेटिंग, सरकारी बांधकाम खातं, ड्रॉइंगचं ऑफिस, हे सगळं चालते. माझ्या भावाचे बिल्डरकडचे सहा वर्षं पूर्ण मोजले जातात. दुसरा गैरसमज डिप्लोमावाल्यांचा. नुसत्या सिव्हिल डिप्लोमावर हे रजिस्ट्रेशन मिळत नाही, आणि पदवीच्या आधी केलेली नोकरी या ५ वर्षांत धरता येत नाही कारण नियमात अनुभव पदवीनंतरचा म्हटलाय. डिप्लोमा झालेल्या पोरांनी निराश व्हायचं कारण नाही पण, व्हॅल्युअरच्या ऑफिसात साइटचं काम करता करता डिग्रीला थेट सेकंड इयरला ॲडमिशन घेणारे मी स्वतः पाहिले आहेत, आणि मोजमापात ते आमच्यापेक्षा पक्के राहतात.

याशिवाय माणूस भारतात राहणारा पायजे, दिवाळखोर नको, आणि सहा महिन्यांपेक्षा जास्त शिक्षेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झाली असेल तर शिक्षा संपून ५ वर्षं झालेली पायजे.

पायरी २: अनुभवाचे कागद आत्ताच गोळा करा

ही पायरी कोणी सांगत नाही आणि इथंच लोकांचे महिने जातात. अनुभवाचं पत्र लेटरहेडवर, तारखेपासून तारखेपर्यंत, पद लिहिलेलं आणि कामाचं स्वरूप लिहिलेलं घ्या. "अमुक यांनी आमच्याकडे समाधानकारक काम केलं" एवढं लिहून दिलेलं पत्र कामाचं नाही, त्यात सिव्हिलचं काम काय केलं ते दिसलं पायजे. नागपुरात कितीतरी छोटे कॉन्ट्रॅक्टर आहेत जे पगार कॅशमध्ये देतात आणि चार वर्षांनी फर्मच बंद करून टाकतात, मग पत्र कोणाकडून आणणार? म्हणून नोकरी सोडतानाच पत्र हातात घेऊन सोडा. स्वतःची प्रॅक्टिस असेल तर वर्क ऑर्डर, बिलं, इन्कम टॅक्स रिटर्न, महानगरपालिकेकडे किंवा नागपूर सुधार प्रन्यासकडे म्हणजे एनआयटीकडे लायसन्स्ड इंजिनिअर म्हणून नाव असेल तर त्याची प्रत, सगळं वर्षावार लावून ठेवा.

आणि डिग्रीवरचं नाव, आधारवरचं नाव, पॅनवरचं नाव एकच पायजे. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींना याचा फार त्रास होते, गॅझेटची प्रत किंवा प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवलेलं बरं.

पायरी ३: आरव्हीओची मेंबरशिप

आयबीबीआयकडे थेट जाता येत नाही, मध्ये रजिस्टर्ड व्हॅल्युअर्स ऑर्गनायझेशन म्हणजे आरव्हीओ लागते. आयओव्ही रजिस्टर्ड व्हॅल्युअर्स फाउंडेशन, पीव्हीएआय, सीव्हीएसआरटीए अशा बऱ्याच आहेत, पूर्ण यादी आयबीबीआयच्या साइटवर आहे. एका वर्गासाठी एका वेळी एकाच आरव्हीओचं मेंबर राहता येते, म्हणून घाई करू नका. फी कुठं किती ते पाहा, पण त्याहून जास्त हे पाहा की आपल्या वर्गाची बॅच किती वेळा निघते आणि नंतरचे वार्षिक ट्रेनिंगचे तास कसे पूर्ण करू देतात. मेंबरशिप देताना ते डिग्री आणि अनुभव तपासतात, म्हणून पायरी २ मधली फाइल इथं पहिल्यांदा कामी येते.

पायरी ४: ५० तासांचा कोर्स

परीक्षेच्या आधी आरव्हीओचा ५० तासांचा कोर्स करणं सक्तीचं आहे. बरेच जण त्याला निव्वळ हजेरी समजतात. तसं करू नका, कारण आपण सिव्हिलवाले बांधकामात पक्के असतो पण बुककीपिंग, अर्थशास्त्र, कायदा याच्याशी आपला कधी संबंध आलेला नसते आणि परीक्षेत मार खातो तो तिथंच. कोर्समध्ये शिकवायला बहुतेक जुने प्रॅक्टिस करणारे लोक येतात, त्यांना प्रश्न विचारा, त्यांचे जुने रिपोर्ट दाखवायला सांगा.

पायरी ५: परीक्षा

कॉम्प्युटरवर, सेंटरवर जाऊन, २ तासांची, बहुपर्यायी प्रश्नांची परीक्षा राहते. पास व्हायला ६० टक्के लागतात आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या मार्कांच्या २५ टक्के कापले जातात. हे कापणं हलक्यात घेऊ नका. समजा तुम्ही ८० मार्कांचे प्रश्न सोडवले, त्यातले ६० चे बरोबर आले आणि २० चे चुकले, तर ६० मधून ५ गेले, उरले ५५, नापास. तेच २० चे सोडून दिले असते तर ६० वर पास होते.

अभ्यासक्रमात अर्थशास्त्र, हिशेब, सामान्य कायदे, पर्यावरण, व्यावसायिक नीतिनियम, थोडं स्टॅटिस्टिक्स, मग स्थावर मालमत्तेचं मूल्यांकन, त्याच्याशी जोडलेले कायदे, कोर्टाचे निकाल आणि केस स्टडी असं येते. माझा सल्ला असा की कायदे फक्त नावानं पाठ करू नका, प्रत्येक कायदा किमतीला कुठं हात लावते ते पाहा. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ मधून लीज आणि गहाण, नोंदणी कायदा १९०८ मधून कोणता कागद रजिस्टर केल्याशिवाय चालत नाही ते, भूसंपादनाचा २०१३ चा कायदा त्यातल्या मोबदल्यावर वरून मिळणाऱ्या १०० टक्के दिलासा रकमेसकट, रेरा २०१६ मधून कार्पेट एरियाची व्याख्या, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ मधून जुना भाडेकरू बसलेल्या इमारतीचं काय होते ते. महालमधली, इतवारीतली कितीतरी जुनी दुकानं डोळ्यासमोर आणा, जागा मोक्याची पण भाडं अगदी किरकोळ, आणि मालकाला खाली करून मिळत नाही, मग तो शेवटचा कायदा कधीच विसरणार नाही.

आकडेमोडीत भाड्यावरून किंमत काढायची पद्धत हमखास येते. उदाहरण घ्या, महिन्याला २०,००० भाडं, वर्षाचं २,४०,०००. टॅक्स, दुरुस्ती वगैरे १५ टक्के म्हणजे ३६,००० गेले, निव्वळ उरले २,०४,०००. हे ६ टक्क्यांनी भांडवलात बदललं, म्हणजे ०.०६ नं भागलं, तर ३४ लाख, ८ टक्क्यांनी बदललं तर साडेपंचवीस लाख. घर तेच, भाडं तेच, फक्त तुम्ही धरलेला दर बदलला आणि साडेआठ लाखांचा फरक पडला. हे गणित परीक्षेपुरतं नका करू, हे डोक्यात बसवा.

नापास झाले तर परत फी भरून परत देता येते. पास झाल्यावर ३ वर्षांच्या आत रजिस्ट्रेशनचा अर्ज करायचा राहते, नाहीतर ती परीक्षा धरली जात नाही.

पायरी ६: फॉर्म ए

फॉर्म ए म्हणजे आयबीबीआयकडचा रजिस्ट्रेशनचा अर्ज भरायचा, ५,००० रुपये फी, परत मिळत नाही, आणि आरव्हीओची शिफारस लागते. काही कमी असेल तर मंडळ विचारणा करते, त्याला वेळेत उत्तर द्या. अर्ज पूर्ण असेल तर ६० दिवसांत निर्णय व्हायचा नियम आहे, तुम्हाला कागद द्यायला दिलेला वेळ त्यात धरत नाहीत. सर्टिफिकेट आल्यावर आरव्हीओकडून प्रॅक्टिस करायचा परवाना घ्यायचा आणि मगच सही करायची.

आता खरं काम: नागपूरचा प्लॉट वाचायला शिका

लायसन्सच्या मागं लागलेली पोरं इथं कमी पडतात म्हणून हा भाग लांबवतोय. परीक्षेतला प्लॉट कोरा राहते, चार बाजू आणि एक दर. नागपुरातला प्लॉट तसा कधीच राहत नाही.

पहिला प्रश्न, जमीन कोणाच्या हद्दीत आणि कोणत्या प्रकारची. जुन्या शहरात सिटी सर्व्हेची आखीव पत्रिका म्हणजे प्रॉपर्टी कार्ड मागा. बाहेरच्या मौजात सातबारा, खसरा म्हणजे सर्व्हे नंबर, पटवारी हलका नंबर. सिव्हिल लाइन्स, धरमपेठच्या भागात नझूलची, म्हणजे सरकारी, लीजवरची जमीन निघते, तिथं लीज कधी संपते, रिन्यू झाली का, हस्तांतरणाला परवानगी घेतली का, हे न पाहता मालकी हक्काच्या प्लॉटचा दर लावला तर रिपोर्ट चुकला. भोगवटादार वर्ग २ लिहिलेलं दिसलं की थांबा, विकायला सरकारची परवानगी लागते.

मग एनआयटी. नागपूर सुधार प्रन्यासचा कायदा १९३६ चा आहे आणि या शहरातल्या कितीतरी घरांच्या कागदात एनआयटी कुठं ना कुठं येतेच. मंजूर लेआऊट एक, आणि गुंठेवारीतले, म्हणजे मंजुरी न घेता पाडलेले, लेआऊट दुसरे. नागपूरकर ज्याला ५७२ आणि १९०० लेआऊट म्हणतात ते सगळे तुमच्यासमोर येणार. २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली ते नियमित करायचं काम सुरू झालं, तिथं डिमांड म्हणजे नियमित करायची रक्कम भरली का आणि नियमितीकरणाचा कागद, ज्याला सगळे आरएल म्हणतात, तो मिळाला का, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय पुढं जाऊ नका. एकाच रस्त्यावर समोरासमोरचे दोन प्लॉट, एकाला आरएल आहे, दुसऱ्याला नाही, दर सारखा असूच शकत नाही कारण दुसऱ्यावर बहुतेक बँका लोन देत नाहीत आणि घेणारा माणूस कमी होते. शहराच्या बाहेर एनएमआरडीए म्हणजे नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आहे, तिथं एनए-टीपी म्हणजे बिगरशेती आणि टाउन प्लॅनिंगची मंजुरी झाली का, लेआऊट मंजूर आहे का, की नुसती ग्रामपंचायतीची टॅक्स पावती दाखवून राहिले, ते पाहा. टॅक्स पावती हा मालकीचा पुरावा नाही.

दुसरं, प्लॉट तोच आहे का. मी सुरुवातीला एका सिनिअर सरांकडे शिकत होतो, बेसा-पिपळाच्या बाजूला एका मोकळ्या लेआऊटमध्ये पाठवलं. मालकानं स्वतः उभं राहून प्लॉट दाखवला, मी टेप लावला, फोटो काढले, आलो. सरांनी लेआऊटचा नकाशा काढून एकच विचारलं, कोपऱ्यावरून मोजत आलास का. नव्हतो आलो. परत गेलो तर मालकानं दाखवलेला प्लॉट त्याच्या शेजारचा निघाला, हद्दीची दगडं कधीचीच गेली होती आणि तो स्वतः इतकी वर्षं चुकीच्या प्लॉटवर कुंपण घालून होता. मालकाच्या मनात काही खोटं नव्हतं. पण माझी सही त्या कागदावर गेली असती तर उद्या बँकेनं कोणाच्या जमिनीवर लोन दिलं असतं? तेव्हापासून मी लेआऊटच्या कोपऱ्यावरच्या पक्क्या खुणेपासून, नाहीतर मोठ्या रस्त्यापासून प्लॉट मोजत येतो, चतुःसीमा विक्रीपत्राशी जुळवतो आणि फोनवर त्या जागेचे अक्षांश-रेखांश नोंदवून घेतो. हे मी शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोराला पहिल्याच दिवशी करायला लावतो.

तिसरं, माती आणि पाणी. नागपुरात बऱ्याच भागात काळी माती आहे, पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात. घराच्या भिंतीला तिरपी भेग दिसली, दारं अडकत असतील, तर फक्त प्लास्टरची म्हणून सोडू नका, पाया किती खोल आणि कसा घेतला ते विचारा. आणि २३ सप्टेंबर २०२३ ची ती रात्र, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी अंबाझरी लेआऊट आणि आसपासच्या घरात शिरलं, लोकांच्या गाड्या, सामान सगळं गेलं. त्या भागात रिपोर्ट लिहिताना पाणी किती फुटांपर्यंत आलं होतं हे शेजारच्यांना विचारून लिहिलंच पायजे. चांगल्या वस्तीत हे लिहिलेलं मालकाला आवडत नाही, तरी लिहायचं.

चौथं, दर. रेडी रेकनर हा स्टॅम्प ड्युटीचा दर आहे, तो रिपोर्टमध्ये द्यायचा, पण तो बाजारभाव नाही. बाजारभावासाठी नोंदणी खात्याच्या साइटवर इंडेक्स २, म्हणजे झालेल्या व्यवहाराच्या नोंदीचा उतारा, शोधा, त्याच लेआऊटमधले, शक्यतो मागच्या वर्षभरातले, तीन-चार व्यवहार काढा. मग प्रत्यक्ष जाऊन दोन स्थानिक ब्रोकर आणि एक शेजारी, जो काही विकत नाही त्याला, विचारा. ब्रोकर विकायचा भाव सांगते, शेजारी झालेला भाव सांगते. मग फरक लावा: रस्ता ९ मीटर की ६, कॉर्नर आहे का, समोर विजेची डीपी किंवा नाला आहे का, मेट्रो स्टेशन किती जवळ, पूर्वमुखी आहे का कारण इथं लोक त्याचे पैसे खरंच देतात. २०२० ची युनिफाइड डीसीपीआर म्हणजे बांधकामाची नियमावली वाचून ठेवा, रस्त्याची रुंदी बदलली की किती बांधता येते ते बदलते आणि त्याबरोबर जमिनीची किंमत.

एक पूर्ण उदाहरण करू, आकडे फक्त समजायला घेतलेत. १,५०० चौरस फुटांचा प्लॉट, जो आपल्याकडे नेहमीचा साइज आहे, दर ४,००० धरला तर जमीन ६० लाख. वर ग्राउंड प्लस वन, एकूण १,८०० फूट बांधकाम, आज तसंच बांधायला १,८०० रुपये फूट, म्हणजे ३२,४०,०००. घर २० वर्षं जुनं, एकूण आयुष्य ६० वर्षं, शेवटी मोडीतून १० टक्के मिळतील असं धरलं तर १०० मधून ते १० गेले, उरले ९०, आणि घसारा २० गुणिले ९० भागिले ६०, म्हणजे ३० टक्के. बांधकामाची आजची किंमत २२,६८,०००. एकूण ८२,६८,०००. आता मंजूर नकाशात फक्त तळमजला असेल तर? वरचा मजला बेकायदेशीर आहे, बहुतेक बँका त्याची किंमत धरत नाहीत, तुम्ही तो वेगळा दाखवायचा आणि मंजुरी नाही हे स्पष्ट लिहायचं. नकाशा हातात न घेता मोजलं तर हे कळणारच नाही.

रिपोर्टच्या शेवटी विकून हाती येणारी किंमत आणि जबरदस्तीनं विकावं लागलं तर येणारी किंमत असे दोन आकडे बँक मागते. लोक डोळे मिटून ९० आणि ८० टक्के टाकतात. टाकू नका. मनीषनगरमधला दोन बेडरूमचा फ्लॅट आणि उमरेड रोडवरचा आतला गुंठेवारी प्लॉट एकाच टक्क्यानं पडत नाहीत. टक्का लावा पण खाली दोन ओळी कारण लिहा.

आकडा कोणाच्या सोयीचा

लायसन्स मिळाल्यावर पहिल्या सहा महिन्यांत कोणीतरी येऊन म्हणणारच, साहेब एवढी व्हॅल्यू काढून द्या, लोन बसून राहिलं नाही. कधी एजंट, कधी घेणारा स्वतः, कधी ओळखीतला माणूस, आणि ओळखीतल्या माणसाला नाही म्हणणं सगळ्यात कठीण. नियमांसोबतच्या आचारसंहितेत हे सरळ लिहिलंय की ग्राहकाच्या सोयीचं मूल्यांकन करायचं नाही आणि यशावर ठरलेली फी घ्यायची नाही. ज्या मालमत्तेत तुमचा हितसंबंध आहे, नेमणुकीच्या आधी ३ वर्षं किंवा मूल्यांकनानंतर ३ वर्षं, तिचं काम घ्यायचं नाही. फसवायच्या हेतूनं केलं तर एक वर्षापर्यंत कैद आणि १ ते ५ लाख दंड आहे. मला एका कामात १५ लाख वाढवायला सांगितलं होतं, मी नाही म्हटलं, तिकडून कामं येणं बंद झालं आणि ते वर्ष मला जड गेलं, हे लपवत नाही.

पण वाढवणं एवढंच पाप नाही, कमी करणंही तेवढंच. लोन थकलं की बँक सरफेसी कायद्याखाली घर लिलावात काढते आणि राखीव किंमत व्हॅल्युएशनवरूनच ठरते. एकदा सक्करदऱ्याच्या बाजूला अशा घरी गेलो होतो, म्हातारे आजी-आजोबा, मुलानं धंद्यासाठी घर गहाण ठेवलं आणि धंदा बुडाला. आजीनं पाणी दिलं आणि विचारलं, बाळा, कर्ज फिटून आमच्याजवळ काही उरेल का रे. त्या प्रश्नाचं उत्तर मी लावलेल्या दरात होतं. "सेफ साइड" म्हणून दर खाली ओढणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं की ती सेफ साइड दुसऱ्या कोणाच्या घरातून कापली जाते.

पायरी ७: बँकेच्या पॅनलवर जाणं

बँकेचं झोनल किंवा रिजनल ऑफिस अर्ज मागवते, कधी जाहिरात येते, कधी स्वतः जाऊन विचारावं लागते. आयबीबीआय सर्टिफिकेट, डिग्री, अनुभव, तीन-चार नमुना रिपोर्ट, रिटर्न, दुसऱ्या बँकांच्या पॅनलचे पत्र असं मागतात. नवीन माणसाकडे दुसऱ्या पॅनलचं पत्र नसते, म्हणून सुरुवात सहकारी बँका आणि पतसंस्थांपासून करा, नागपुरात त्या भरपूर आहेत आणि त्यांची कामं छोटी पण शिकवणारी राहतात. सुरुवातीची एक-दोन वर्षं एखाद्या जुन्या व्हॅल्युअरबरोबर काम केलेलं सगळ्यात चांगलं, पण त्यांच्या रिपोर्टवर स्वतः न पाहिलेल्या जागेसाठी सही करू नका. दुसऱ्याकडून माहिती घेता येते, ती रिपोर्टमध्ये उघड लिहावी लागते, आणि जबाबदारी सही करणाऱ्याचीच राहते. मालमत्ता ५० कोटी किंवा त्याहून मोठी असेल तर बँकेला कमीत कमी दोन स्वतंत्र रिपोर्ट घ्यावे लागतात, ती कामं लगेच येणार नाहीत, त्याची घाई नको.

बॅगेत काय ठेवायचं तर ३० मीटरचा टेप, लेझर मीटर, चांगला कॅमेऱ्याचा फोन, लेआऊटची प्रिंट, वही. मे महिन्यात ४५ अंशात साइट सकाळी नऊच्या आत नाहीतर संध्याकाळी करा, दुपारी दमलेला माणूस टेप नीट ओढत नाही.

आणि ते ३४ एबी

सरफेसीच्या नियमांत लिलावाआधी ज्या मान्यताप्राप्त व्हॅल्युअरकडून किंमत काढायची, त्याची व्याख्याच ३४ एबी खाली नोंदलेला आणि बँकेच्या बोर्डानं मान्य केलेला अशी आहे. शिवाय कॅपिटल गेन म्हणजे घर विकून झालेल्या नफ्यावरच्या टॅक्ससाठी १ एप्रिल २००१ ची किंमत काढायला लोक येतात, वडिलोपार्जित घर विकणारा प्रत्येक जण येते, आणि तिथंही याच नोंदणीला वजन आहे. यासाठी प्रॅक्टिस करणाऱ्याला साधारण १० वर्षांची प्रॅक्टिस दाखवावी लागते, आणि मागच्या ५ पैकी कोणत्याही ३ वर्षांत ठराविक रकमेच्या वर व्यावसायिक जमा. माझ्या भावाला सांगणारा दहा वर्षंवाला माणूस हेच सांगून राहिला होता.

म्हणून आयबीबीआयचं सर्टिफिकेट आलं त्याच आठवड्यात तीन गोष्टी करा. व्यवसायासाठी वेगळं बँक खातं उघडा आणि फी त्यातच घ्या, बँका १० टक्के टीडीएस कापतात तो रिटर्नमध्ये दाखवा. प्रत्येक कामाची फाइल ठेवा, नियम ३ वर्षं म्हणते पण तुम्ही १० वर्षं ठेवा, मोजमापाच्या कच्च्या कागदासकट, कारण कोर्टात साक्षीला बोलावलं तर तोच कच्चा कागद विचारतात. आणि एका रजिस्टरमध्ये तारीख, मौजा, खसरा किंवा प्लॉट नंबर, कशासाठी, फी किती, असं पहिल्या रिपोर्टपासून लिहीत जा. माझं पहिलं रजिस्टर दोनशे पानी वही होती, बर्डीवरून आणलेली, ३४ एबीच्या अर्जाला कामाची यादी मी त्यातूनच उतरवली.